डोक्यातलं रक्त: एकदा रंगाने, एकदा चुंबकाने

बेळगावातल्या कुठल्याही स्कॅनिंग सेंटरबाहेर बाकावर थोडा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल म्हणतात. मग पोराला फिट येतीय कशी?" विचारणारा चंदगडचा असो, खानापूरचा असो की संकेश्वरचा, प्रश्न तोच. अथणी-चिक्कोडीकडची मंडळी तो मिरजेत विचारतात, एवढाच काय तो फरक. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला कुणाला सवड नसते.

नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, कुठला भाग आक्रसलाय का, हे त्यात कळतं. मेंदू काम कसा करतोय हे त्यात उमटत नाही. म्हणून तर फिटच्या रुग्णाला डॉक्टर ईईजीही काढायला सांगतात. त्यात मेंदूतल्या विजेची नोंद होते. कामात असलेला मेंदू पाहायचा दुसरा रस्ता म्हणजे त्यातलं रक्त पाहायचं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजनचा खप वीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय या अवयवाला साठा करून ठेवता येत नाही. जो भाग कामाला लागतो तिथे रक्त लगेच जास्त धावतं. ते कुठे धावलं, किती धावलं आणि त्यात ऑक्सिजन किती होता हे बाहेरून कळलं, तर मेंदूचा कुठला कोपरा कधी कामाला लागला याचा अंदाज बांधता येतो.

ते कळायचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही मार्ग हिमोग्लोबिनवरून जातात. एक मार्ग त्याचा रंग बघतो, दुसरा त्याचं चुंबकत्व. हे दोन्ही एकाच वेळी, एकाच डोक्यावर केले तर काय हाती लागतं, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी रंग

मोबाईलचा टॉर्च लावून बोटाचं टोक त्यावर घट्ट दाबा. बोट लालबुंद दिसेल. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त गिळतं, लाल तेवढा सुटतो. या लालच्या पलीकडे, डोळ्याला दिसेनासा झालेला जो प्रकाश, तो अवरक्त. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर बहुतेक फोनांत फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो, तो हाच. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, म्हणजे गडद लालपासून अवरक्तापर्यंत, शरीर प्रकाशाला बऱ्यापैकी वाट देतं. त्याच्या अलीकडे रक्त आडवं येतं, पलीकडे पाणी. हाडालाही तो फारसा जुमानत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिलं की कवटीवर हा प्रकाश टाकून मेंदूतल्या ऑक्सिजनचे चढउतार बाहेरून टिपता येतात. कवटी उघडायची गरज नाही, सुई टोचायची नाही, किरणोत्सर्ग नाही.

ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन लालभडक आणि रिकामं झालेलं काळपट, हे रक्त तपासायला दिलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. शिरेतून काढलेलं रक्त बाटलीत किती गडद दिसतं ते आठवा. अवरक्त पट्ट्यातही हा फरक टिकून राहतो. ७६० नॅनोमीटरच्या आसपास रिकामं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश शोषतं, ८५० च्या आसपास भरलेलं, आणि मध्ये ८०० च्या जवळपास दोघांचं शोषण सारखं. मग दोन तरंगलांबीचा प्रकाश आत सोडायचा, किती परत आला ते मोजायचं आणि दोन समीकरणं मांडायची. अज्ञात दोनच: भरलेलं किती बदललं, रिकामं किती बदललं. दहावीच्या बीजगणितात दोन चलांची समीकरणं सोडवलेल्या कुणालाही हे जमेल.

कोविडच्या दिवसांत गल्लोगल्ली फिरलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ती युक्ती शोधली. बोटावर मात्र काम सोपं असतं. एका बाजूने प्रकाश टाकला, दुसऱ्या बाजूने घेतला, झालं. मोठ्या माणसाच्या डोक्यातून प्रकाश आरपार जात नाही. तो ज्या बाजूने टाकला त्याच बाजूने परत आलेला पकडावा लागतो. आणि इथेच सगळी मेख आहे.

पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याकडे गाडी घातलेली असेल तर हे चटकन लक्षात येईल. दाट धुकं, हेडलाइट लावलेला, आणि समोर दिव्याचा झोत दिसायच्या ऐवजी सगळीकडे पांढरा उजेड पसरलेला. दिव्याचा प्रकाश धुक्याने खाल्लेला नसतो. थेंबाथेंबावर आपटून तो दाही दिशांना विखुरलेला असतो, त्यातला थोडा आपल्याच डोळ्यांकडे परत येतो. डोक्यात शिरलेल्या अवरक्त प्रकाशाचं हेच होतं. कातडी, कवटी, मेंदूभोवतीचं पाणी, मग मेंदूचा करडा थर, सगळीकडे आपटत आपटत त्यातला अगदी नगण्य अंश तीन सेंटीमीटरवर ठेवलेल्या संवेदकापर्यंत पोचतो. तीन सेंटीमीटरच्या अंतरासाठी तो आत साधारण सहापट वाट तुडवून आलेला असतो. ही वाट कमानीच्या आकाराची असते, आणि कमानीचा माथा मेंदूच्या वरच्या थराला जेमतेम लागून येतो. डोक्याच्या पृष्ठभागापासून दीड-दोन सेंटीमीटरच्या खाली या पद्धतीला जवळजवळ काही दिसत नाही. स्मरणशक्तीशी नातं असलेला हिप्पोकॅम्पस, भीती-रागाशी जोडलेला अमिग्डाला ही सगळी मंडळी खोल आत, तिच्या आवाक्याबाहेर.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. परत आलेल्या प्रकाशाने सांगितलं की वाटेत ऑक्सिजन वाढला. पण वाटेत म्हणजे कुठे? मेंदूत, की नुसत्या टाळूच्या कातडीत? परीक्षेला बसलेल्या मुलाचं कपाळ तापतं तेव्हा कातडीतलं रक्तही वाढतंच. हे वेगळं काढायला आता तीन सेंटीमीटरच्या जोडीला जेमतेम आठ मिलिमीटरवर आणखी एक संवेदक लावतात. त्याच्यापर्यंत आलेला प्रकाश फक्त कातडी-कवटीतून फिरलेला असतो, म्हणून त्याची नोंद मोठ्या नोंदीतून वजा करता येते. उपाय चांगला आहे. पण मेंदूत नेमकं कुठे, हे त्याने सुटत नाही. या पद्धतीची नजर सेंटीमीटरची आहे, मिलिमीटरची नाही.

मग चुंबक

एमआरआयच्या बोगद्यातलं चुंबकीय क्षेत्र साधारण दीड किंवा तीन टेस्ला असतं. तीन टेस्ला म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या पन्नास-साठ हजारपट. तारेची ती प्रचंड गुंडाळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवलेली असते. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना त्या क्षेत्रात रेडिओलहरीने डिवचायचं आणि ती उलट काय बोलतात ते ऐकायचं, हा एमआरआयचा गाभा. या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं. त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून फार थांबत नाही.

आपल्याला हवी ती गोष्ट आणखी जुनी आहे. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी रक्त चुंबकाजवळ नेऊन मोजमाप केलं. ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढत नाही, किंचित दूरच सारतो. रिकाम्या हिमोग्लोबिनला मात्र ओढतो. ऑक्सिजन सुटला की त्यातल्या लोहाच्या अणूवरचे इलेक्ट्रॉन जोडी मोडून सुटे होतात, आणि सुटा इलेक्ट्रॉन हे इवलंसं चुंबकच असतं. पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ या निरीक्षणाचा मेंदूच्या चित्रणाशी कुणी संबंध जोडला नाही. मग अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या सेइजी ओगावा यांना उंदरांच्या मेंदूच्या चित्रांत बारीक काळ्या रेषा दिसल्या. उंदराला दिलेल्या हवेतला ऑक्सिजन कमीजास्त केला की त्या रेषा बदलायच्या. त्या शिरा होत्या. रिकामं हिमोग्लोबिन आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, त्यामुळे शेजारच्या पाण्याचा संदेश लवकर विरतो आणि चित्रात तिथे काळोख पडतो. हे १९९० साली प्रसिद्ध झालं आणि दोनच वर्षांत माणसाच्या कामात असलेल्या मेंदूची अशी चित्रं निघाली. याला फंक्शनल एमआरआय म्हणतात.

इथे एक गंमत आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला तर तिथला ऑक्सिजन खर्च होऊन रिकामं हिमोग्लोबिन वाढायला हवं, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटंच. खर्चापेक्षा पुरवठा कितीतरी जास्त होतो, शरीर तिथे रक्त अक्षरशः ओततं. रिकामं हिमोग्लोबिन धुऊन निघतं आणि चित्रात तो भाग उजळतो. हा उजळपणा शंभरात एक-दोन इतकाच, तोही काम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी कळसाला पोचणारा. वर्तमानपत्रात मेंदूवर लाल-पिवळे डाग दाखवतात ना, ते या एक-दोन टक्क्यांच्या फरकावर गणित करून नंतर रंगवलेले असतात. मेंदूत तिथे दिवा लागलेला नसतो.

फंक्शनल एमआरआयची नजर दोन-तीन मिलिमीटरची आणि किती खोल पाहायचं याला मर्यादा नाही. अडचण वेगळीच. त्याच्या हाती एकच आकडा येतो. तो आकडा वाढला तर रक्त जास्त आलं म्हणून, की ऑक्सिजन कमी खर्च झाला म्हणून, की रक्तवाहिनी रुंदावली म्हणून? तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळलेल्या. तरुण, धडधाकट माणसात याचा फारसा घोळ होत नाही. पण वय झालेल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या, लकवा येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्याच नीट रुंदावत नसतील, तर मेंदू व्यवस्थित काम करत असूनही चित्र मिणमिणतं येऊ शकतं.

दोघांना एका खोलीत आणायचं

प्रकाश सांगतो काय बदललं: भरलेलं इतकं, रिकामं इतकं, दोन्ही वेगवेगळं, आणि सेकंदाला दहा वेळा. फक्त कुठे ते नीट सांगत नाही. चुंबक सांगतं कुठे, मिलिमीटरपर्यंत, पण काय बदललं ते पुरतं सांगत नाही, आणि एका पूर्ण चित्राला साधारण दोन सेकंद घेतं. दोघांना एकत्र आणावं हे सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही. ते घडवून आणणं मात्र कष्टाचं आहे.

एमआरआयची खोली आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनचा संदेश साधारण १२८ मेगाहर्ट्झवर येतो, आणि आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ वर वाजतो. म्हणजे दोघं अगदी शेजारी. बाहेरचा रेडिओ, मोबाईल, वाहनांची खरखर आत आली तर मेंदूचा क्षीण संदेश त्यात बुडून जाईल. अशा खोलीत तुम्ही तांब्याची तार नेली तर ती अँटेना होते आणि बाहेरचा सगळा गोंगाट आत आणते. वर यंत्राच्या रेडिओलहरींनी तार तापते आणि कातडी भाजते, ते निराळंच.

माझ्या चुलतीचा मानेचा एमआरआय होता तेव्हा हे जवळून पाहिलं. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, आणि भरून घेणारा पोरगा बोलत होता आपली बेळगावी मराठी. "काकू, पाटल्या काढा. मंगळसूत्र बी. जोडवी ऱ्हायली बघा." काकूंचा चेहरा उतरला. मंगळसूत्र आणि जोडवी काढायची म्हणजे काय! त्यांचं म्हणणं, सोन्याला कुठे लोहचुंबक ओढतो? बरोबरच होतं ते. सोनं-चांदीला चुंबक ओढत नाही. पण धातूचं कुठलंही वळं रेडिओलहरीत तापू शकतं, आणि दागिन्यात मिसळलेला दुसरा धातू कुठला ते कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय जवळपासचं चित्र बिघडतं. डोळ्यांना लावायच्या काही प्रसाधनांत लोहाचे ऑक्साइड असतात, त्यांनीसुद्धा डोळ्यांभोवतीचं चित्र खराब होतं.

जोडवीसुद्धा चालत नाहीत त्या खोलीत प्रकाशाची टोपी (डोक्यात प्रकाश सोडणारी आणि परत आलेला टिपणारी टोपी) चालते, कारण टोपीत धातू नसतोच. काचेचे किंवा प्लॅस्टिकचे प्रकाशतंतू, त्यांची टोकं कातडीवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची बुचं, कापडी टोपी. लेझर, संवेदक, संगणक सगळं खोलीच्या बाहेर. प्रकाश मोजायच्या काही नळ्या तर चुंबकाजवळ चालतच नाहीत, कारण त्यांच्या आत धावणारे इलेक्ट्रॉन वाट सोडतात. काही मीटर लांबीचे तंतू भिंतीतल्या एका अरुंद धातूच्या नळीतून आत घेतात. ती नळी पुरेशी लांब आणि बारीक असली की रेडिओलहरी तिच्यातून शिरत नाहीत, प्रकाशाचा तंतू मात्र खुशाल जातो. प्रकाशाला चुंबकाचा त्रास नाही, चुंबकाला प्रकाशाचा नाही. ईईजीच्या तारा एमआरआयमध्ये नेल्या तर जो गोंधळ होतो तो आवरायला लोकांनी वर्षं घालवली आहेत. त्या मानाने इथे निसर्गाने बरीच सवलत दिलीय असंच म्हणायचं.

बाकीच्या कटकटी साध्या, पण जीव काढणाऱ्या. डोक्याभोवती बसणारा एमआरआयचा पिंजरा इतका चिकटून असतो की टोपीची बुचं चपटी करावी लागतात. माणूस उताणा झोपतो, डोक्यामागची बुचं टोचायला लागतात, आणि अर्ध्या तासाने तो हलला की दोन्ही नोंदी गेल्या. दोन यंत्रांची घड्याळं जुळवायला एमआरआय दर चित्राला एक खूण पाठवतो आणि ती प्रकाशाच्या नोंदीत टिपून ठेवतात. आणि प्रत्येक बूच डोक्यावर नेमकं कुठे बसलंय ते चित्रात कळावं म्हणून त्याच्याशेजारी काय लावतात माहीत आहे? औषधाच्या दुकानात मिळणारी व्हिटॅमिन ईची कॅप्सूल. तिच्यातल्या तेलात हायड्रोजन भरपूर, त्यामुळे ती एमआरआयमध्ये लख्ख पांढरी चमकते. एवढ्या कोट्यवधींच्या यंत्रात ही खूण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरवशाची.

हाती काय लागलं

असा एकत्र प्रयोग जर्मनीतल्या आंद्रेआस क्लाइनश्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. हाताची बोटं हलवली की एमआरआय ज्या ठिकाणी उजळतो त्याच ठिकाणी प्रकाशही रिकामं हिमोग्लोबिन कमी झाल्याचं सांगतो, हे एकाच वेळच्या नोंदीत दिसलं. ओगावांच्या कल्पनेला वेगळ्या भौतिकशास्त्रातून साक्षीदार मिळाला. पुढे २००२ मध्ये बोस्टनच्या गॅरी स्ट्रँगमन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही नोंदींची आकड्यांत तुलना केली. एमआरआयचा आकडा रिकाम्या हिमोग्लोबिनशी सगळ्यांत चांगला जुळेल अशी अपेक्षा, कारण तोच तर त्याचं मूळ. प्रत्यक्षात भरलेल्या हिमोग्लोबिनशी जास्त जुळला. त्याचा बदल आकाराने मोठा असतो, म्हणून गोंगाटातून तो जास्त स्वच्छ वर येतो. सिद्धांत काय म्हणतो आणि यंत्र काय ऐकू शकतं, यातला फरक असा कामाच्या वेळीच उघडा पडतो.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडलेलं काम डोक्याचं नाहीच, बोटाचं आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातले युन्जी टाँग आणि ब्लेझ फ्रेडरिक यांनी माणसाला एमआरआयमध्ये झोपवलं आणि प्रकाशाचा संवेदक लावला हाताच्या बोटाला, पुढे पायाच्या अंगठ्यालाही. रक्तदाबात नैसर्गिकपणे संथ हेलकावे असतात, साधारण दहा सेकंदांना एक किंवा त्याहून संथ. ते अख्ख्या शरीरात पसरतात. बोटात आधी पोचतात, पायाच्या अंगठ्यात काही सेकंदांनी उशिरा. यांनी बोटाची नोंद घेतली, ती थोडी थोडी पुढेमागे सरकवत मेंदूच्या चित्रांशी ताडून पाहिली, आणि तोच हेलकावा मेंदूतून ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी जाताना दिसला. म्हणजे फंक्शनल एमआरआयमध्ये 'मेंदूचे दोन भाग एकत्र काम करतायत' असं जे दिसतं, त्यातलं काही नुसतं रक्ताच्या एका लाटेचं दोन ठिकाणी पोचणं असू शकतं. विचाराचा तिथे संबंधही नसेल. एमआरआय एकट्याने हे धरू शकत नाही, कारण दोन सेकंदांना एक चित्र घेणाऱ्या यंत्राला सेकंदाला होणारा हृदयाचा ठोका सुटा दिसत नाही. तो दुसऱ्याच लयीचं सोंग घेऊन चित्रात शिरतो. प्रकाश वेगाने मोजतो म्हणून ठोका ठोक्याच्या जागी, श्वास श्वासाच्या जागी आणि लाट लाटेच्या जागी लावता येते.

दुसरा फायदा एमआरआयकडून प्रकाशाकडे जातो. एखाद्या माणसाचा रचनेचा एमआरआय हाताशी असला की त्याच्या डोक्याचे थर संगणकात वेगळे करता येतात: डोक्याची कातडी, कवटी, भोवतालचं पाणी, करडा भाग, पांढरा भाग. मग संगणकात कोट्यवधी प्रकाशकण एकेक करून सोडायचे आणि प्रत्येक जण कुठे आपटून कुठे निघतो ते मोजायचं. त्यातून कळतं की मेंदूभोवतीचं स्वच्छ पाणी प्रकाश फारसा विखुरत नाही, त्यामुळे प्रकाश तिथून आडवा पळ काढतो आणि मेंदूत शिरायचं टाळतो. ज्याच्या डोक्यात पाण्याचा थर जाड (वय वाढतं तसा तो वाढतो), त्याच्या नोंदीचं गणित वेगळं. सगळ्यांच्या डोक्याला एकच सूत्र लावणं म्हणजे चूक गृहीत धरूनच सुरुवात करणं.

ऑप्टिकल संवेदक म्हटलं की आणखी एका यंत्राचा उल्लेख हल्ली वाचनात येतो. रुबिडियमच्या वाफेतून लेझर सोडून मेंदूतल्या विजेचं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारे संवेदक, डोक्यावर घालायच्या शिरस्त्राणात बसवलेले. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गटाने २०१८ मध्ये ते जगासमोर आणलं. पण ते जवळजवळ शून्य चुंबकीय क्षेत्रातच चालतं, त्यामुळे एमआरआयच्या खोलीत त्याला जागा नाही. तिथे आधी एमआरआय काढून ठेवतात आणि मोजमाप दुसऱ्या, चुंबकापासून राखलेल्या खोलीत होतं. या लेखातल्या टोपीशी त्याची गल्लत नको.

आपल्याकडे याचं काय

आधी नाही ते सांगतो. दोन्ही यंत्रं एकत्र लावून तपासणी, ही सध्या संशोधनाची गोष्ट आहे. डॉक्टरांकडे जाऊन "ते लाइटवालं एमआरआय काढा" म्हणण्यात अर्थ नाही. आणि मुलांच्या बुद्धीचा नकाशा काढून देतो, डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे वर्ग आपल्याकडे अधूनमधून दुकान थाटतात, त्यांचा आणि या विज्ञानाचा काडीचाही संबंध नाही. पैसे भरायच्या आधी विचारा, मोजताय काय? रक्त, वीज की पालकांचा खिसा?

आहे ते असं. प्रकाशाची पद्धत एकटी, चुंबकाशिवाय, रुग्णालयांत वापरात आहेच. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात कपाळावर संवेदक चिकटवून मेंदूला ऑक्सिजन पुरतोय का यावर नजर ठेवतात. बाळाची कवटी पातळ, डोकं लहान, त्यामुळे प्रकाश मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ आत जातो. कमी दिवसांचं बाळ एमआरआयपर्यंत नेणं, त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात स्थिर ठेवणं किती अवघड ते नर्सला विचारा. खानापूर तालुक्याच्या कणकुंबीकडच्या गावांतून पावसाळ्यात बेळगाव गाठणं हेच एक काम असतं. यंत्र रुग्णाकडे जाऊ शकणं याची किंमत अशा ठिकाणी कळते. पण खाटेशेजारच्या त्या टोपीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर तो आधी कुठेतरी एमआरआयशी ताडून बघितलेला हवा. माझ्या मते एकत्र यंत्राचं खरं मोल इथे आहे. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत दोन्ही एकत्र लावायची, टोपी कुठे खरं बोलते आणि कुठे थापा मारते ते शोधायचं, आणि मग टोपी एकटीच बाहेर पाठवायची.

टोपी एकटी असली की माणूस बसून, बोलून, हातांनी काम करूनही मोजता येतो. निपाणीतली विडी कामगार बाई पान कातरते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते, ते बोटांकडे न बघता. एमआरआयच्या बोगद्यात उताणं झोपून यातलं काही करता येणार नाही, तिथे फार तर बोटं हलवता येतात. २००३ साली इटलीत जन्मून काहीच दिवस झालेल्या बाळांना अशीच प्रकाशाची जाळी लावून बोलणं ऐकवलं, आणि तेच बोलणं उलटं फिरवूनही ऐकवलं. सरळ बोलण्याला मेंदूच्या डाव्या बाजूने जास्त प्रतिसाद दिला. आपल्याकडे पाळण्यातलं पोर आईकडून मराठी, शेजारून कन्नड आणि गल्लीतून दखनी उर्दू ऐकतं. तीन भाषांत वाढणाऱ्या मेंदूवर असं काम करायला बेळगावइतकं सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. सीमावादावर इतका कागद खर्च झाला, यावर थोडा व्हायला हरकत नाही.

त्याआधी एक अडचण सोडवावी लागेल, आणि ती ना क्वांटमची आहे ना गणिताची. केसांची आहे. केसांमधलं काळं रंगद्रव्य अवरक्त प्रकाश चांगलाच शोषतं. दाट काळ्या केसांत बुचाखाली केस अडकले की नोंद बरीच घटते, म्हणून प्रयोगशाळेत एकेका बुचाखालचे केस काडीने बाजूला सारत बसतात. लांब वेणी असलेल्या बाईच्या डोक्यावर पूर्ण टोपी बसवायची म्हणजे निवांत वेळ काढूनच बसायचं. कातडीच्या रंगाचाही परिणाम आहे. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून उघड झालं की साधा ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या वर्णाच्या रुग्णांत ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि धोक्यातला रुग्ण ठीक असल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून केसांच्या मुळांपर्यंत घुसतील अशा बारीक तंतूंच्या झुपक्यांची बुचं बनवून पाहिली गेली आहेत. त्यांची परीक्षा दाट, काळ्या केसांच्या आणि सावळ्या कातडीच्या डोक्यांवर, आणि तीही एमआरआय सोबत लावूनच व्हायला हवी.